तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर

प्रिय पाठमोरी,

हे नाव तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, पण इतक्या वर्षांची सवय एका फोनने सुटत नाही. पंधरवड्यापूर्वी तू म्हणालीस, "दादा, मी आता त्या घरात मावत नाही," आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. तेव्हापासून फक्त वहिनीचे फोन घेतेस. महिनाअखेरीला तुला त्या उपचार केंद्रातून सोडणार आणि तू त्याच संस्थेच्या मागच्या इमारतीत खोली घेऊन कायमची राहणार, हेही मला तिच्याकडूनच कळलं. होकार कळवायला तुला अजून आठवडा आहे म्हणे. त्याबद्दल मी या पत्रात चकार शब्द काढणार नाही, तसं वहिनीला कबूल केलं आहे. मी फक्त नव्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगणार आहे. पत्राचं एक बरं असतं, ते आदळून ठेवलं तरी बोलायचं थांबत नाही.

तर, जुन्या कॉम्प्युटरने शेवटी मान टाकली. तसा तो वर्षभर आजारीच होता. गिऱ्हाइकाच्या घराचं मॉडेल पडद्यावर जरा फिरवायला जावं तर भिंती गायब होऊन नुसत्या रेघा उरायच्या. एक चित्र तयार व्हायला लावून मी कुंड्यांना पाणी घालून, दाढी करून, वहिनीची बोलणी खाऊन परत यायचो, तरी ते अर्धवटच. बाजारात या कामासाठी तयार मिळणारी मशिनं बघितली आणि किंमत ऐकून प्यायला पाणी मागितलं. मग ठरलं की एकेक भाग जमवून आपणच जोडायचा. घरात गणिताची मास्तरीण असण्याचा फायदा झाला. तिने सगळं वाचून माझी शिकवणीच घेतली. मॉडेल करायला प्रोसेसर वेगवान हवा, त्यात कोरांची, म्हणजे आतल्या छोट्या मेंदूंची, नुसती खोगीरभरती नको. चित्र रंगवणार ग्राफिक्स कार्ड, म्हणून पैसे तिथे घालायचे. मेमरी भरपूर. आणि पॉवर सप्लायमध्ये कंजुषी केलीस तर बाकीचं सगळं मातीत गेलं समज, असं तिने मला पट्टी उगारून सांगितलं. पडदा, कीबोर्ड, माउस जुनेच ठेवले. कार्ड वापरलेलं घेतलं, बाळ झाल्यामुळे ज्याचे गेम बंद पडले अशा एका गृहस्थाकडून. देताना त्याने ते असं काही कुरवाळलं की वहिनीला त्याची दया आली.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. एका दुपारी सगळं मांडून बसलो आणि कार्ड काही कॉम्प्युटरच्या पेटीत मावेना. मी आयुष्यभर लोकांना त्यांची कपाटं, पलंग, फ्रिज कुठे मावतील हे बोटांवर मोजून सांगत आलो, आणि स्वतःची पेटी घेताना ती दिसायला नीट आहे ना एवढंच बघितलं. कार्ड दोन बोटं लांब निघालं. तिरकं करून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिलं. शेवटी म्हटलं, परत करू, लहान कार्ड घेऊ. वहिनी चष्मा डोक्यावर सरकवून पेटीत वाकून बघत होती. म्हणाली, "कार्ड का बदलायचं? हा कप्पा कोणासाठी ठेवलाय?" जुन्या पद्धतीच्या डिस्क ठेवायचा कप्पा होता तो. रिकामा, चार स्क्रूंवर उगाच उभा. तो काढला आणि कार्ड अलगद जाऊन बसलं. ती चहा टाकायला उठून गेली. मी मात्र तो कप्पा हातात धरून बसून राहिलो. तुझं फोनवरचं वाक्य कानातून जात नव्हतं.

नवं मशीन तपासायला असं घर हवं, ज्याचं माप पाठ आहे. म्हणून आपलंच घर टाकलं. तुला खरंच बघायला हवं होतं ते. आधी पडद्यावर नुसती भुरभुर असते, कोणी रवा सांडल्यासारखी. मग कण हळूहळू बसत जातात आणि त्यातून घर वर येतं. आधी खिडक्या, कारण उजेड तिथून येतो. मग जमीन. कोपरे सगळ्यात शेवटी. सूर्यही बोटाने सरकवता येतो. मी आपल्या बागेकडच्या खोलीत सकाळ आणतो, मग दुपार, मग पुन्हा सकाळ. उन्हाचा तुकडा भिंतीवरून पलंगावर, पलंगावरून जमिनीवर चालत जातो आणि मी त्याच्या मागे मागे. खुर्चीत डुलकी लागते तेव्हाही मी त्याच खोल्यांतून हिंडत असतो. कुठलं घर चालू आहे, आतलं का बाहेरचं, ते उमगत नाही. परवा डोळे चोळत उठलो आणि स्वयंपाकघरात जायला निघालो तो सरळ भिंतीवर आपटलो. मॉडेलमध्ये ती भिंत मी आदल्याच दिवशी काढली होती. कपाळावर टेंगूळ आहे. वहिनी म्हणते, एवढा खर्च करून घेतलेला धडा आहे, जपून ठेव.

त्या पहिल्या चित्रात मी सवयीने तुला आणायला गेलो. कॉलेजात असताना मी तुला एका इमारतीसमोर उन्हात उभं केलं म्हणून तू रुसून पाठ फिरवलीस आणि मी तसाच फोटो काढला, तो. खांद्यावर पिशवी, एक पाय जरा पुढे. कापून घेतलेली ती पाठमोरी तू माझ्या प्रत्येक चित्रात आहेस. शाळेच्या व्हरांड्यात, दवाखान्याच्या दारात, ज्यांना तू कधी भेटली नाहीस अशांच्या दिवाणखान्यात. चित्रात माणूस उभं असलं की दार केवढं, छत किती उंच, ते बघणाऱ्याला कळतं. आणि कॅमेराही मी कायम तुझ्याच डोळ्यांच्या उंचीवर लावत आलो. गिऱ्हाइकांना वाटतं, हा काही व्यवसायाचा नियम असेल.

या वेळी मात्र हात अडला. तुला तशी उभी ठेवायला मन धजेना, आणि पुसायला तर त्याहून नाही. शेवटी तुला बाजूला ठेवलं आणि फक्त कॅमेरा खाली घेतला, तुझ्या चाकांच्या खुर्चीत बसल्यावर डोळे जिथे येतील तिथे. लहानपणापासून राहतो त्या घरात मी पहिल्यांदाच आल्यासारखा झालो. खिडकीतून बाग दिसेना, नुसती भिंत आणि वर आभाळाची पट्टी. आरशात छत. ओटा गळ्याशी. बाहेरची पायरी तर डोंगर. तू खरं तेच बोलली होतीस, आणि मी त्याला तुझा हट्ट समजत होतो. मला फार रडू आलं, ते लिहूनच टाकतो. मग नाक पुसलं आणि कामाला लागलो. खिडकी खाली आणली. ओट्याखालची कपाटं काढली. दार रुंद केलं आणि सरकतं केलं. पायरीचा उतार झाला. तुझी माडीवरची खोली माझ्या ऑफिसला आणि बागेकडची तुला. मधली भिंत कशी गेली ते माझ्या कपाळाने सांगितलंच आहे. प्रत्येक बदलानंतर पुन्हा तुझ्या उंचीवरून घरभर फिरायचो. जुन्या मशीनवर हे जमलंच नसतं, एकेका खोलीला दिवस गेला असता. नवं मशीन मी गिऱ्हाइकांसाठी घेतलं असं सगळ्यांना सांगतो. वहिनी म्हणते, मला खोटं बोलताच येत नाही.

तेव्हा वहिनीला दिलेला शब्द मोडून झालाच आहे, आता उरलेलंही बोलून टाकतो. गवंडी सोमवारी यायला तयार आहे, पण मी त्याला थांबवलं आहे. ते घर तुझ्याशिवाय कोणाला तपासता येणार नाही. मी कितीही खाली वाकलो तरी कंबर दुखली की उठून उभा राहतो. खोलीचा होकार कळवण्याआधी एकदा ये, या पेटीसमोर बस, सूर्य तुझ्या बोटाने फिरव आणि काय चुकलंय ते मला नेहमीसारखं चार शब्द ऐकवून सांग. मग तुला जायचं असेल तर मी स्वतः सोडायला येईन, रुसणार नाही. सोबत बागेकडच्या खोलीचं एक चित्र पाठवतो आहे. त्यात मी कोणालाच ठेवलेलं नाही. तुझी जागा मी कशी ठरवणार. वहिनीला दाखवलं तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, छान आहे, पण खोली केवढी आहे तेच कळत नाही.

तुझाच,
टेंगूळवाला दादा