आप्पांचा गुरू आणि माझा झिरो

१२ जानेवारी, सोमवार
आप्पा हट्टाला पेटलेत. चोवीसला मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि म्हणतात, आधी गुरू ग्रह आन् त्याचं चार चंद्र दाव, मगच टेबलावर चढतो. ऑपरेशनात डोळाच गेला तर, म्हणतात. डॉक्टर म्हणाले, अजून लांबवलंत तर अवघड आहे. पण वडिलांना शब्द दिला. दुर्बीण आणायची, दाखवायचा. त्यात काय!

१४ जानेवारी, संक्रांत
कॉम्प्युटरवाली की हातानं फिरवायची? बायको पवित्रा म्हणाली, कॉम्प्युटरवाली घ्या, बटण दाबलं की झालं. तिला काय कळतंय! मी लेथवर हयात घालवलेला माणूस. शिरोलीत माझ्या मशीन शॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी आली, तरी अवघड जॉब अजून माझ्याच हातचा. हातवालीच घेणार. फायनल.

१७ जानेवारी
कॉम्प्युटरवाली आणली. ही माघार नव्हे. आप्पांना थंडीत गच्चीवर ताटकळत ठेवायचं नाही, एवढंच. दुकानात हातवालीतून समोरची पाटी शोधताना माझी मान आखडली, तो विषय वेगळा.

१९ जानेवारी
ढग. जानेवारीत ढग! आप्पा म्हणाले, डॉक्टरला फोन लाव, येत न्हाय म्हणून सांग. लावला नाही. जेवण गेलं नाही.

२१ जानेवारी, संध्याकाळी साडेसात
आभाळ मोकळं. मशीन म्हणतं, आधी एका ताऱ्यावर रोखून सेटिंग करा. हसूच आलं. तारे हलतात. लेथवर माप जिथून सुरू होतं तो झिरो, हलत्या वस्तूवर कोण घेतं? कारखान्याच्या चिमणीवरचा दिवा जागचा हलत नाही. त्यावर झिरो घेतला. यालाच अनुभव म्हणतात.
मग 'गुरू' दाबलं. दुर्बीण गुरगुरत फिरली आणि भलत्याच अंधारात थांबली. कॉम्प्युटरच तो, चुकणारच. हातानं जरा खाली घेतली आणि गावला! पिवळाधमक गोळा, भोवती चार चंद्र. चंद्र पुस्तकात म्हणतात त्यापेक्षा बरेच जोरात पळतात.
आप्पांनी डोळा लावला. मी धापा टाकत तीनदा विचारलं, दिसला का? शेवटी म्हणाले, दिसला की रं. झ्याक हाय!
जिंकलो.

२४ जानेवारी
ऑपरेशन सुखरूप. शॉपमध्ये पेढे वाटले. कुणालाही तारे बघायचे असतील तर मला विचारा म्हणून सांगितलं.

२८ जानेवारी, संध्याकाळ
आप्पा गच्चीवर आले. म्हणाले, आता नव्या डोळ्यानं दाव. मी थाटात तीच जागा लावली. त्यांनी बघितलं. मग मान वर करून नुसत्या डोळ्यानं तिकडं बघितलं. म्हणाले, सोम्या, ह्यो आपल्या शेजारच्या अमरसिंहाच्या गोठ्यावरचा बल्ब हाय. चंद्र म्हंजे किडं. खाली म्हस बी दिसती.
मी विचारलं, मग त्या दिवशी?
म्हणाले, त्या दिशी मला काय दिसतंय? नुसता पिवळा उजेड. पर तू धापा टाकत हुतास. लई भ्याला हुतास. म्हणून व्हय म्हटलं.
त्यांचा हात धरून बसलो.
दुसऱ्या डोळ्याची तारीख बारा फेब्रुवारी. आप्पा म्हणाले, त्याच्या आधी खरा गुरू दाव, ह्या टायमाला खोटं बोलणार न्हाय.