बाबाचं दही

ओलोवित्सा, २ फेब्रुवारी १९९२

ती. दोन्काताईस,
कामेनचा सा. न. वि. वि.

कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. आमच्या शिशाच्या कारखान्याच्या धुरांड्याला अखेर गाळणी बसली. दोरीवरचा पांढरा सदरा संध्याकाळीही पांढराच होता. शेजारीपाजारी बघून गेले. जुन्या राजवटीत धुराबद्दल कोणी ब्र काढत नव्हतं. आता आम्ही चौकात बोंबललो, तेव्हा हे झालं.

माझ्या इस्क्राला ईस्टरला घरी आणणारच. तिची आई गेल्यावर तू तिला पोटाशी धरलंस. रक्तातलं शिसं उतरलं की न्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या; तुमच्या डोंगरातल्या हवेत ते एव्हाना उतरलंच असेल. बसवाल्याबरोबर नेहमीचं दही पाठवतोय. विषावर उतारा म्हणून आम्हा भट्टीवाल्यांना रोज दूध मिळतं ना, त्याचंच. मी थेंब तोंडाला लावत नाही, सगळं पोरीसाठी. तुझ्या शेळीला म्हणावं, रुसू नकोस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा कामेन

बेलीब्रोद, २४ फेब्रुवारी

चि. कामेनला ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून इस्क्रा घरभर नाचली. आता पुढचं बसून वाच. तिचं शिसं उतरलेलं नाही. डॉक्टरीणबाई चक्रावल्या, खाण्यापिण्याची चौकशी करत बसल्या. पोरीनं ऐटीत सांगितलं, की मी रोज बाबाच्या कारखान्याच्या दुधाचं दही खाते. बाईंनी ते तपासायला नेलं. शिसं त्यातच निघालं.

गरम दूध नासू नये म्हणून किटलीचं झाकण उघडं ठेवतोस ना रे, भट्टीपाशी? तिथली शिशाची धूळ त्यातच पडते. आईचीच शिकवण ती, मीही तेच केलं असतं. शिवाय दुधानं शिसं उतरतं हेही खोटं, असं बाई म्हणतात. दही पाठवणं थांबव. मी रागावलेली नाही, एवढं ध्यानात ठेव.

जिवाला जपणे.
तुझी ताई

ओलोवित्सा, १ मार्च

ती. ताईस, सा. न.

झाकण उघडंच ठेवायचो. सगळेच ठेवतो. जेवणाच्या सुट्टीत तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, तेव्हा भट्टीवरच्या म्हाताऱ्या गेंचोनं आपली किटली तिथेच ओतून दिली. त्याची नातवंडं याच दुधावर वाढलीत. गाळणीचा आनंद पार उतरला. पोटच्या पोरीला मी स्वतःच्या हातानं विष भरवलं, ताई. तिला यातलं काही सांगू नकोस. दही बिघडलं म्हण.

कामेन

बेलीब्रोद, १८ एप्रिल

चि. कामेनला खूप खूप आशीर्वाद.

पोरीचं शिसं अर्ध्यावर आलं रे! डॉक्टरीणबाई कागद नाचवत अंगणात आल्या आणि त्यांनी मला मिठी मारली. मी रडले, शेळी ओरडली, इस्क्रानं सगळ्यांना हसून घेतलं. सध्या ती अंडी लाल रंगवतेय. ईस्टरला अंड्यावर अंडं आपटायच्या टकरीत बाबाचं अंडं फोडणार म्हणते.

ओलोवित्साला मात्र तिला पाठवायचं नाही. धूर थांबला तरी मातीत मुरलेलं कुठे जातंय? तेव्हा तूच ये, कायमचा. पाववाल्या स्पासला माणूस हवाय, मी शब्द टाकलाय. भट्टीच आहे, पण पावाची.

रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाणं तुला लहानपणापासून जमत नाही. या वेळी जमव. कामाचे कपडे तिथेच टाक, हात कोपरापर्यंत घास आणि तसाच बसमध्ये बस. दही बिघडलं असं मी सांगितल्यापासून पोरीनं दही मागितलेलं नाही. ती तुला मागते.

वाट बघणारी,
ताई