जोहराला दाखवायचे गाल

१० नोव्हेंबर, सोमवार
जोहरा पुण्याला मुलाकडे, दानियालकडे, पंधरा दिवसांसाठी गेली. नातीला, मनालला, सांभाळायला. तेव्हा पाऊस चालू होता, आता थंडी पडली. मला काही फरक पडलेला नाही. उलट घर शांत, दुकानाकडे लक्ष देता येतं. जेवणाचं माझं मीच बघतो. आज चहा-खारी.

व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, लई वाळलात. कॅमेऱ्याचा दोष.

तरी ठरवलं, गालांना शेप द्यायचा. बांगड्या आणि कटलरीचं दुकान आयुष्यभर चालवलं. जुन्नरच्या निम्म्या नवऱ्या माझ्याकडच्या पावडरी लावून बोहल्यावर चढल्या. आपल्याच तोंडाला लावायला कितीसा वेळ लागणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी
व्हिडिओ पाहिला. इंग्रजी होता, पण हात दिसत होते. गालाच्या हाडाखाली तपकिरी पावडरीची रेघ ओढायची आणि ब्रशने पसरायची. याला काँटूर म्हणतात. शटर अर्धं खाली घेतलं आणि केलं. हाडं एकदम उठून आली. सिनेमातला इन्स्पेक्टर.

मधेच एक बाई पिना मागायला वाकून आत आल्या. माझ्याकडे बघितलं आणि पिना न घेताच गेल्या. घाईत असतील.

१२ नोव्हेंबर, बुधवार
काँटूर करून कॉल लावला. जोहरा बघतच राहिली. मला वाटलं, इम्प्रेशन पडलं. मग म्हणाली, अहो, गालांना खड्डे पडलेत, जेवता का न्हाई? सुनेला, रूहीला, बोलावून दाखवलं. दानियालही आला. तिघांनी फोन डोळ्यांजवळ धरून मला पाहिलं. एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. बरं वाटलं. पण मुद्दा तो नाही.

शेवटी जोहरा म्हणाली, रविवारी मीच येते, आता इथं न्हाई ऱ्हायची मी.

येऊ दे. पण आजारी माणसाला बघायला म्हणून नको. चांगल्या दिसणाऱ्या नवऱ्याकडे म्हणून यावं. फरक आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बोरी गावची हर्षाली आली होती. पार्लरचा कोर्स करते, सामान माझ्याकडून नेते. म्हटलं, एक गिऱ्हाईक आहे, गाल बसलेत, काँटूर केलं तर जास्तच बसले. ती म्हणाली, चाचा, काँटूर म्हंजी सावली, त्यानं गाल आत जातो. त्यांना लाली लावायला सांगा. हसायचं, हसल्यावर जो गोळा वर येतो त्याच्यावर लावायची. मग विचारलं, बाई किती वयाच्या हायेत? म्हटलं, साठीच्या. तर म्हणाली, मग हलक्या हातानं.

हे मला माहीत होतंच. फक्त खात्री करून घेतली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
नमाजहून येऊन सराव. अडचण एकच. लाली हसून लावायची असते आणि आरशासमोर एकट्याला हसू येत नाही. दात दाखवून बघितले. गोळा काही वर येईना.

मग आठवलं. जोहराने एकदा एका नवरीच्या दोन हातांत दोन मापाच्या बांगड्या भरल्या होत्या. नवरी कुरकुरली, तर तिलाच म्हणाली, तुझेच हात सारखे न्हाईत, बाई. मला हसू आलं. गोळा सापडला. ब्रश उचलेपर्यंत गेला. पुन्हा आठवलं. दुपारभर तेच. गिऱ्हाईक आलं असेल तर मला कळलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी
उद्याची तयारी. घर झाडलं. चादर बदलली. तालिब खाटकाकडे मटण सांगून ठेवलं. दुपारी जोहराचा फोन येणार, कधी निघते ते सांगायला. लाली लावून बसणार आहे.

तोच दिवस, संध्याकाळी
काम फत्ते. जोहरा म्हणाली, गाल भरले की. रूही म्हणाली, अब्बा तर तरुण दिसतायत. मी म्हटलं, डाळ-भात आणि वेळेवर झोप.

जोहराने मनालला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, मनालला दात येतायत, लई रडते. रूहीची रजापण संपली. तुमी बरे आहात ना? म्हटलं, एकदम. म्हणाली, मग आता येऊन काय करू, ईदलाच येते.

ईद मार्चात आहे.

थोडक्यात, प्लॅन शंभर टक्के यशस्वी. तिची काळजी मिटली. मला तरी हेच हवं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी आपोआपच लाली लावली गेली. हाताला सवय झाली असावी.

मटण नको, हे सांगायला तालिबकडे गेलो. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, चाचा, ताप आलाय का? गाल लालबुंद झालेत.

म्हटलं, हो, थोडा आहे.

त्याने सुरी खाली ठेवली, फडक्याला हात पुसला आणि माझ्या कपाळाला लावला. अंग तर गार लागतंय, म्हणाला. घरी हाय ना कोणी बघायला?

म्हटलं, आहेत की.

मग त्याने बाकड्यावर जागा करून दिली. गर्दी ओसरेपर्यंत बसलो.