नातीसाठी रंगवलेली खोली

चि. धाकट्यास,

थोरल्याचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा बरा आहे, म्हणजे तुझाही बरा असणार. उगाच चार पानं दुखणं लिहून पाठवू नकोस. धाकटीला तिच्या रक्तदाबासकट आशीर्वाद. मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? डोकं उठलंय.

मुलगा, सून आणि रांगायला लागलेली नात महिनाभर राहायला आलेत. नात पहिल्यांदाच येणार, म्हटलं तिची खोली चकाचक पाहिजे. जन्म गेला लोकांच्या भिंती रंगवण्यात, आता नातीसाठी हात आखडता घेऊ? खिडकीचा जुना रंग खरवडला, पॉलिश पेपरने चौकट घासली, आणि माळ्यावरचा ऑइल पेंटचा डबा काढला (वरचा कागद कधीच गळून गेलेला, झाकण पटाशीने उचकटावं लागलं, पण आत गुलाबी रंग असा की बघत राहावं). आदल्या दिवशी दुसरा हात मारला, धूळ बसू नये म्हणून खिडक्या गच्च लावल्या, आणि वासावर उपाय म्हणून सुवासिक फवारा अर्धा संपवला.

सून दारातच थबकली. "बाबा, रंग दिलात?" म्हटलं, "दिला की! तुझ्या लेकीसाठी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खूश. मग कळलं, वासाने आलं होतं.

तिथून जी साफसफाई सुरू झाली म्हणतोस! फिनेल बाहेर. डासांची कॉइल बाहेर. कपाटातल्या डांबरगोळ्या बाहेर, फवारा बाहेर, तुझ्या वहिनीची वासाची पावडर बाहेर. दूध प्लास्टिकच्या बाटलीत तापवायचं नाही. नवे कपडे धुतल्याशिवाय पोरीला घालायचे नाहीत (धुऊन जुनेच करायचे तर नवे आणायचे कशाला?). चपला उंबऱ्याबाहेर, का तर रस्त्यावरचं काय काय चिकटून येतं म्हणे. आणि मी? मी साध्या साबणाने आंघोळ करायची, मग सून माझे हात हुंगणार, टर्पेंटाइनचा वास नसेल तर नात मांडीवर. अरे, मी काय मंडईतली मेथी आहे? आणि तुझी वहिनी, जिने आजवर माझं एक ऐकलं नाही, ती मान डोलावत ओल्या फडक्याने फरशी पुसतेय!

शेवटी मी म्हटलं, "आम्ही रंगाच्या डब्यांत वाढलो, आम्हाला काय झालं?" नेमकी तेव्हाच मला खोकल्याची उबळ आली. सुनेने पाण्याचा पेला पुढे केला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "रविवारी आम्ही माझ्या आईकडे जातो. वास गेला की बघू." तेव्हापासून वहिनीने मला नुसता आमटीचा वाडगा सरकवायचा, बोलायचं नाही.

म्हटलं, वास गेलाय हे दाखवूनच देतो. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या आणि सून कपडे वाळत घालत होती तेवढ्यात पोरीला उचलून त्या खोलीत नेलं. बाईसाहेब रांगत थेट खिडकीपाशी, चौकट धरून उभ्या! मी टाळ्या वाजवल्या. तिने हात तोंडात घातला. धाकट्या, तो हात कोपरापर्यंत करडा झाला होता. मी खरवडलेली भुकटी, मीच कोरड्या झाडूने खिडकीखालच्या कोपऱ्यात लोटलेली. जुन्या रंगात शिसं असायचं हे आपल्या धंद्यात कोणाला माहीत नाही? मला माहीत होतं. डोक्यातच आलं नाही.

तिला उचललं, नळाखाली हात धुतले, तोंड पुसलं, आणि सुनेला जाऊन सांगितलं. ती पांढरी पडली, पण ओरडली नाही. सरळ डॉक्टरकडे गेलो. रक्त काढताना पोर जरा रडली. मी रडलो नाही, मला सर्दी होती. आज निकाल आला, ठीक आहे. खोलीला कुलूप घातलंय; माझ्या ओळखीचा माणूस नीट झाकपाक करून, ओलं ठेवून ती खिडकी साफ करणार आहे. मला हात लावायची बंदी आहे, आणि ती मीच घातलीय.

तरी सांगतो, ही आजकालची पोरं फार नखरे करतात.

तुझा,
थोरला

ता. क. तुझी वरची खोली बांधल्यापासून बिनरंगाची आहे. त्यावरून मी तुला आजवर कंजूष म्हणत आलो. शब्द मागे घेत नाही, पण खोली हवी आहे. आमचं काम होईपर्यंत सगळे तिकडे राहू, म्हणजे पोर महिनाभर आमच्याजवळ राहील. धाकट्याने आग्रहाने बोलावलंय असं मी सुनेला सांगून बसलोय. तेव्हा बोलाव.

आणखी ता. क. कॉइल, डांबरगोळ्या, फिनेल आजच काढून टाक. फरशी ओल्या फडक्याने पूस, झाडू नकोस. चपला बाहेर. दारात मी आधी तुझे हात हुंगणार. आणि हे बघ, पोर यायचीय म्हणून उत्साहाने काही रंगवायला घेतलंस, तर भाऊ म्हणून नाव लावू नकोस.