आईच्या गाडीचा पांढरा रंग

अण्णा, तुमचा नातू तुमच्यावर गेलाय आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. त्यानं एक जुनी व्हॅन घेतलीय आणि तिच्या आत राहायची खोली करतोय. भिंतींना प्लायवूड, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात, लाकडाच्या रेघा दिसतील असा. आता त्या पांढऱ्यावर पारदर्शक थर कोणता द्यायचा, यावाचून पंधरा दिवस घरात दुसरं बोलणं नाही. मोबाईलवर मला डबे दाखवतो. हा चकाकतो, हा चकाकत नाही, हा वर्षभरात पिवळा पडतो. मी म्हटलं, एकेक फळी रंगवून टांग आणि वाट बघ. तर म्हणाला, "आई, एवढा वेळ कुणाला आहे?" हेच वाक्य मी एकदा तुम्हाला ऐकवलं होतं, याच सुरात. राग त्याचा यायला हवा होता, पण आला तुमचा.

तुमच्यावरचा राग मला नवीन नाही, त्याला चाळीस वर्षं होत आली. निपाणीच्या हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधायच्या शेडमध्ये तुम्ही सुतार होता आणि आई वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत. वखार सुटली, खोकला सुटला नाही. डॉक्टर म्हणाले, हिला तंबाखूच्या वासापासून लांब ठेवा. निपाणीत राहून! पाहुण्यांकडे न्यावं तर तिचा खोकला ऐकून लोक पाण्याचा पेला वेगळा काढायचे, आणि खोकल्यापेक्षा तो वेगळा पेलाच तिला जास्त लागायचा. म्हणून तुम्ही शेडमागं भंगारात पडलेली व्हॅन घेतलीत. वास नसेल तिथं चार दिवस, कुणाच्या दारात न जाता राहायचं. आईची मागणी एकच होती, "आत उजेड पायजे. वखारीत लई अंधार बघितला." तेव्हा भिंती पांढऱ्या. पण पाण्यात सुतारकामाचा सरस घालून कालवलेला तुमचा सफेदा लुगड्याला लागायचा, त्याची भुकटी उडाली की आईला ढास लागायची. त्यावर काहीतरी पारदर्शक हवंच होतं, पिवळं न पडणारं आणि वास न येणारं.

मी तेव्हा बेळगावात शाळेत शिकवत होते. शनिवारी दुपारच्या बसनं घरी यायची, आणि दर शनिवारी एक नवी फळी टांगलेली असायची. एक चुलीवर, एक न्हाणीत, दोन कौलांवर उन्हात. व्हार्निश महिन्यात पिवळं पडलं. मेणावर काजळी धरली. मागाच्या सुताला लावतात ती खळ तुम्ही बेळगावच्या शहापुरातल्या विणकराकडून आणलीत, तिला वास नव्हता, पण ती फळी झुरळांनी चाटून साफ केली. यातून जी वाचेल ती आठ दिवस आईच्या उशाशी, कारण शेवटचा निकाल तिच्या नाकाचा. आई म्हणायची, "ह्यो नगं. डोस्कं चढतंय." आणि तुम्ही निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू. असे आठ महिने, अण्णा! तेवढ्या वेळात शेडमधून किती ट्रक बाहेर पडले असतील.

दिवाळीच्या सुट्टीत मी आले तेव्हा चुलीपासून दारापर्यंत येताना आईला मधे बसावं लागत होतं, आणि तुम्ही एक डोळा मिटून कितवीतरी फळी न्याहाळत होता. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, आई तुमच्या फळ्या संपायची वाट बघत ऱ्हाणार न्हाय! एवढा येळ कुणाला हाय?"

"घाईनं मारलं की पोपडं धरतंय गं."

"धरू दे! ती काय पोपडं मोजत बसणार हाय?"

तुम्ही फळी खाली ठेवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं बेळगावला निघालात, पांढरी लाख आणायला. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, तिचा वास दोन दिवसांत उडतो, तेवढी एकच आईच्या नाकानं पास केली होती. किंचित पिवळसर दिसायची, म्हणून तुम्ही तिला बाजूला ठेवलं होतं. जाताना मला म्हणालात, "तवर गाडीला सफेद्याचा दुसरा हात मारून ठेव." मी मारून ठेवला. तुम्ही परतलात, भिंतीजवळ बराच वेळ उभे राहिलात, मग लाखेचं फडकं हातात घेतलंत. तिसऱ्या हाताला भिंती हिरव्या दिसू लागल्या. आधी वाटलं उन्हाचं काहीतरी आहे. पण नव्हतं, चांगल्या कोवळ्या ज्वारीसारख्या हिरव्या झाल्या होत्या. शेडमधली माणसं बघायला आली, पोट धरून हसली, आणि त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आठ म्हैनं फळ्या टांगून ह्यो हिरवा काढलासा?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग माझ्या हातांकडे. म्हणालात, "व्हय. चुकलं माझं." त्या दिवसापासून शेडमध्ये तुम्ही 'हिरवा अण्णा' झालात, ते शेवटपर्यंत.

आपण खानापूरच्या पुढं गेलो, रानाच्या कडेला गाडी लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी आई एकदाही न खोकता झोपली. तुम्ही आणि मी बाहेर दगडावर बसून नुसते ऐकत होतो. उठल्यावर ती भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "हिरवं झालं त्ये बरं झालं. वैरणीच्या रानात निजल्यागत वाटतंय." त्यानंतर ती दोन उन्हाळे जगली. दोन्ही उन्हाळे ती गाडी निघाली.

परवा तुमच्या नातवानं विचारलं, "आजोबांची गाडी हिरवी कशामुळं झाली?" मी म्हटलं, "त्यांचं काहीतरी चुकलं." इतक्या वर्षांत हे उत्तर तोंडात बसूनच गेलंय.

नीळ मी घातली होती, अण्णा. तुम्ही बेळगावला गेलात, आई गाडीच्या दारात बसून म्हणाली, "जरा मळकट दिसतंय गं," आणि दिवाळीला चुन्यात घालतो तशी मी सफेद्यात चिमूटभर नीळ सोडली. मग अजून एक चिमूट. मग पुडीच उलटी केली. निळ्यावर पिवळसर काही आलं की हिरवं होतं, हे चित्रकलेच्या तासाला मीच पोरांना शिकवत होते! हात धुतले होते, पण नखांत राहिलीच. तुम्हाला ती भिंतीवर आधीच दिसली असणार. आठ महिने पिवळ्याची छटा शोधणाऱ्या माणसाला निळी दिसली नाही, हे मी कसं मानू? लाख मारण्याआधी ओल्या फडक्यानं सगळं पुसून पुन्हा करता आलं असतं, आठवडा गेला असता. तो आठवडा तुम्ही आईला दिलात आणि दोष स्वतःकडे ठेवलात. निदान एकदा तरी तुम्ही मला रागवायचं होतंत. मी काय करायचं या गप्प बसण्याचं?

पोरगा अंगणात फळ्या घासतोय, इथं ऐकू येतंय. उठून त्याला सांगायचं तर दहा पावलं आहेत. ती टाकायची सोडून मी तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही तेव्हाही मला काही बोलला नव्हता, आणि आता तर बोलूच शकत नाही.