तीन बोटांची मूठ

बाबा, तुमच्या मशीनला गिऱ्हाईक आलं होतं. थेट नागपूरहून, अल्लीपुरात आपलं घर विचारत. तीच झाडं कापायची पेट्रोलची मशीन, जी तुम्ही आरा गिरणीतलं काम सुटलं तेव्हा मजुरीच्या बदल्यात घरी आणलीत. आता असल्या जुन्या मशिनी हौशी लोक जमवतात, काचेच्या कपाटात मांडतात. चूक माझीच. मशीन सुरू करायच्या दोरीची स्प्रिंग तुटली म्हणून मी मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, कुठे मिळेल का म्हणून. स्प्रिंग कोणी दिली नाही, मशीन मात्र ज्याला त्याला हवी झाली. एकानं भाव बोलला की दुसरा त्याच्यावर चढायचा. आपल्या कापसाला मेला असा भाव कधी आला नाही.

त्या माणसानं मशीन ओट्यावर ठेवून सगळीकडून पाहिली. मग पुढच्या मुठीवर बोट ठेवलं. गिरणीत डाव्या हाताची दोन बोटं गेल्यावर तुम्ही बाभळीचं लाकूड तासून त्या मुठीवर बसवलंत, उरलेल्या तीन बोटांपुरत्या खाचा पाडून. तो म्हणाला, "हे लाकूड काढून टाका ताई. हेच भाव पाडून राह्यलं." काढलं तर दोन नव्या मशिनी येतील एवढे द्यायला तयार होता. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती.

मला तो ठेकेदार आठवला. तुम्ही ओट्यावर बसलेले, मी तुमच्यासमोर कानशीनं मशीनच्या साखळीचे दात घासतेय. कानस तुम्हीच माझ्या हाती दिली होती. ठेकेदार ट्रॅक्टर घेऊन आलाय, चिंचेचं झाड आजच पाडायचं म्हणतोय. आदल्या संध्याकाळी झाडाला हळद लावून "उद्या येतो" असं सांगितल्याशिवाय तुम्ही मशीन लावत नव्हता, अख्ख्या गावाला ते माहीत होतं. त्यानं पैसे वाढवले. तुम्ही म्हणालात, "न सांगता कापत नाई मी. उद्या येजो." तो दुसऱ्याला घेऊन गेला, चिंच गेली, आणि तुम्ही निवांत चहा प्यायलात. मला तुमचा एवढा अभिमान वाटला की दात घासून होताच मी दोरीला हात घातला. तुम्ही खेकसलात, "दात घास, पण दोरीले हात नको लावू. थे बाईमाणसाचं काम नाई."

तर ऐका. गेली कित्येक वर्षं ती दोरी मीच ओढतेय. वादळानं रस्त्यावर झाड आडवं झालं की तळेगावपर्यंतचे लोक मलाच फोन करतात. पडलेल्या झाडालाही मी आधी हळद लावते, लोक हसतात, हसू देत. तुमचं ते बाईमाणसाचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. मी घालणार.

त्या माणसाला मी सांगितलं, "लाकूड निघणार नाई, अन् मशीनबी इकायची नाई. माह्या हाताले हेच बसते. चहा घ्या अन् निघा." तो गेल्यावर आई बाहेर आली, मुठीवर बसलेली धूळ पदरानं पुसली आणि आत गेली. स्प्रिंग मी वर्ध्याच्या भंगारातून एका दुसऱ्याच मशीनची काढून आणली, वाकवून बसवली. कालच शाळेमागच्या पडलेल्या कडुलिंबाला हळद लावून आले, आज कापला.

हे पाठवायचं कुठे? कानशीच्या डब्यात ठेवून देते. एवढंच कबूल करते की त्या माणसाशी मी खोटं बोलले. ती मूठ माझ्या हाताला बसत नाही. माझी पाच बोटं तीन खाचांत मावत नाहीत, दर वेळी करंगळीखाली फोड येतो. आत्ता लिहितानाही तो ठणकतोय.