ओढ्याकाठच्या जागेची विल्हेवाट

मी, रामहरी बिरदेव सरगर, वय ७४, भूगोलाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार सात रस्ता, सोलापूर, हे मृत्युपत्र लिहितो. माझ्यामागे भांडण होऊ नये म्हणून नव्हे, ते माझ्याच शब्दांत संपावे म्हणून. कोणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. राग आहे; त्याला दाखला लागत नाही.

१. सात रस्त्याचा फ्लॅट आणि बँकेतील ठेव मुलगी पूनम हिला. आई गेली तेव्हा ती रडली आणि गप्प बसली. एवढे शहाणपण या घरात तिच्याकडेच आहे.

२. गच्चीवरचे पर्जन्यमापक मागेल त्याला द्यावे. समाजशास्त्राच्या माणसाला मात्र देऊ नये. तो पाणी किती साठले ते न बघता, बाटली इथे ठेवली कोणी, हे विचारत बसेल.

३. मुलगा भारत. नावाआधी ‘चि.’ मुद्दाम लावलेले नाही. तो बार्शीला समाजशास्त्र शिकवतो. कुंभारीला ओढ्याकाठी मी घर बांधले होते. तीन वर्षांपूर्वी ओढा घरात शिरला, भिंत कोसळली आणि माझी पत्नी शिवबाई तिच्याखाली गेली. मी शिकलो ते शास्त्र पाऊस, उतार आणि माती मोजते आणि याला नैसर्गिक आपत्ती म्हणते. भारतने आईच्या वर्षश्राद्धापर्यंतही दम धरला नाही. परिसंवादात निबंध वाचायला उभा राहून म्हणाला, “पाऊस हा नुसता धोका असतो. आपत्ती माणूस घडवतो. घर ओढ्यात कोणी बांधलं, हे आधी विचारा.” मी पहिल्या रांगेत होतो. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चहाच्या वेळी माझे जुने विद्यार्थीसुद्धा जवळ फिरकले नाहीत.

भारतला काहीही नाही.

४. ती जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी, आईच्या नावाने तिथे झाडे लावावीत, म्हणून भारत माझ्या मागे लागला आहे. ती मी भाचा सिद्धाप्पा याला देतो. अट एकच: वर्षाच्या आत त्याच जोत्यावर घर बांधून बायको-मुलांसह राहायला जावे. तो भाड्याच्या खोलीत दिवस काढतो, नाही म्हणणार नाही. घर उभे राहील आणि टिकेल. मग भारतने आपला निबंध चुलीत घालावा.

५. ज्याला काही मिळणार नाही त्याची साक्ष बरी, असे वकील म्हणाले. म्हणून भारतलाच बोलावले. मजकूर वाचून तो म्हणाला, “आण्णा, तितं लेकरं झोपणार हायत की.”

मी म्हणालो, “मग तुझ्या शास्त्राला विषय मिळंल. कर सही.”

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १२ मे २०२५
(सही) रामहरी बिरदेव सरगर

साक्षीदार:
१. (सही) गौस हुसेनसाब शेख, शेजारी
२. (सही) भारत रामहरी सरगर. आण्णांनी माझ्यासमोर सही केली, एवढ्यापुरताच मी साक्षीदार. सिद्धाप्पा, आईला त्या जोत्यावरनं मी उचललंय. तितं बांधू नगंस.